साहेब, आमचं थाळनेर कुठल्या पानावर आहे?

प्रति,
मा. शिक्षणमंत्री, राज्याचे पण आणि दिल्लीचे पण, आणि इतिहासाच्या पुस्तकात काय ठेवायचं काय काढायचं हे ठरवणाऱ्या समित्यांचे सगळे मेंबर

साहेब नमस्कार,

मी धुळ्याला स्पर्धा परीक्षेचे क्लास घेतो, इतिहास शिकवतो. पोरं येतात शिरपूर, साक्री, शिंदखेडा, तळोदा, पार अक्कलकुव्यापासून, घरी कापूस नाहीतर मजुरी, आणि स्वप्न एकच, पीएसआय नाहीतर तलाठी. यांना मी नक्की काय शिकवायचं हे तुम्हालाच विचारावं लागणार कारण पुस्तक तुम्ही ठरवता. क्लासच्या खाली झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं एनसीईआरटीची जुनी पुस्तकं स्पायरल करून ठेवलेली असतात आणि दुकानदार सरळ विचारतो, "जुनं पायजे का नवं?" पोरं जुनं घेतात. बारावीच्या पुस्तकातून २०२३ ला मोगल दरबाराचा अख्खा धडा उडाला ना, तो तेवढा वेगळा झेरॉक्स करून मिळतो इथं. सरकारने काढलेला धडा सरकारी नोकरीची तयारी करणारी पोरं लाइनीत उभी राहून विकत घेतायत, हे तुम्हाला कोणी कळवलं नसेल म्हणून मी कळवतो.

कारण काय दिलं होतं तर कोरोनानंतर पोरांवरचं ओझं कमी करायचं. बरं, धडा काढला, पानं कमी झाली, समजू शकतो. पण गांधीजींच्या हिंदू-मुस्लिम ऐक्याच्या आग्रहामुळे कट्टर हिंदू चिडले होते आणि त्यांच्या खुनानंतर संघावर काही काळ बंदी आली होती, या चार-दोन ओळींचं असं काय वजन होतं हो? २००२ च्या गुजरात दंगलीचा मजकूर गेला. २०२४ च्या पुस्तकात बाबरी मशिदीचं नाव जाऊन "तीन घुमटांची वास्तू" झाली. विचारलं तर उत्तर असं की दंगली शिकवून हिंसक आणि निराश पोरं कशाला घडवायची, आम्हाला पॉझिटिव्ह नागरिक पाहिजेत. आपले सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव, ज्यांनी सल्लागार म्हणून ती राज्यशास्त्राची पुस्तकं उभी केली, त्यांनी जून २०२३ मध्ये लेखी कळवलं की आमची नावं यावरून काढा, हे आमचं पुस्तक राहिलं नाही. मजकूर काढताना कोणाला विचारायची गरज वाटली नाही आणि नावं मात्र काढायला तयार नव्हते.

आता लगेच कोणीतरी म्हणेल की सर काँग्रेसचे. थांबा भो. १५ ऑगस्ट १९७३ ला इंदिराबाईंनी लाल किल्ल्यात जमिनीखाली कालपत्र पुरलं होतं, स्वतंत्र भारताचा इतिहास म्हणून, पुढच्या हजारो वर्षांनी लोकांनी वाचावा असा, आणि आत काय लिहिलंय ते जिवंत लोकांना दाखवायचं नाही! १९७७ ला जनता सरकार आलं, त्यांनी ते उकरून काढलं, आणि मग त्यांनी स्वतः काय केलं तर पसंत नसलेली इतिहासाची पुस्तकं मागे घ्यायच्या मागे लागले, रामशरण शर्मांचं प्राचीन भारताचं पुस्तक गेलंच. त्याच्याही आधी पन्नासच्या दशकात स्वातंत्र्यलढ्याचा सरकारी इतिहास लिहायचं काम रमेशचंद्र मजुमदारांकडे होतं, त्यांचं सरकारशी जमलं नाही, काम दुसऱ्याकडे गेलं आणि मजुमदारांनी आपला इतिहास वेगळा छापला. आणि २००४ च्या जानेवारीत जेम्स लेनच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकाच्या रागात पुण्याच्या भांडारकर संस्थेत घुसून लोकांनी हस्तलिखितं फाडली तेव्हा मुंबईत कोणाचं सरकार होतं ते आठवून बघा, त्यांनी पण पुस्तकावरच बंदी घातली. म्हणजे हात सगळ्यांचे बरबटलेले आहेत. फरक एवढाच की आधीचे लोक आपल्या नेत्याला मोठं करायचे, आणि राष्ट्रवादाच्या नावावर निवडून येणारं सरकार त्याच्या पुढं जातं, ते शेजाऱ्याला इतिहासातला गुन्हेगार ठरवतं. हे दुसरं काम जास्त डेंजर आहे.

हे मी हवेत बोलत नाही. सर्बियाचं बघा. १३८९ मध्ये कोसोव्होच्या मैदानावर सर्बांची तुर्कांशी लढाई झाली, त्यांचा राजा लाझार मारला गेला. सहाशे वर्षांची गोष्ट. १९८८-८९ मध्ये त्या लाझारच्या अस्थी पेटीत घालून गावोगाव फिरवल्या, लोक रडत दर्शनाला यायचे, आणि २८ जून १९८९ ला बरोब्बर सहाशेव्या वर्षी सर्बियाचा नेता मिलोशेविच त्याच मैदानावर लाखोंच्या गर्दीसमोर भाषण करायला उभा राहिला आणि म्हणाला की आज परत आपल्यासमोर लढाया आहेत, अजून शस्त्रांच्या नाहीत पण तशाही होऊ शकतात. हा माणूस आयुष्यभर कम्युनिस्ट पार्टीत वाढलेला, बँकेत नोकरी केलेला, याला लाझारचं काय पडलं होतं? त्याला खुर्ची पाहिजे होती आणि त्याने ओळखलं की महागाई आणि बेकारीवर बोलून टाळ्या मिळत नाहीत, जुन्या जखमेवर बोललं की मिळतात. पुढच्या सहा वर्षांत काय झालं? ११ जुलै १९९५, बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा गाव सर्ब फौजेने ताब्यात घेतलं तेव्हा त्यांचा जनरल म्लादिच कॅमेऱ्यासमोर सांगतो, तुर्कांचा बदला घ्यायची वेळ आली. तिथं तुर्क कोणीच नव्हता साहेब. होते बोस्नियाचे मुसलमान, भाषा तीच, आडनावं बरीचशी तशीच, शेजारी एकाच बाकावर शिकलेले. आठ हजारांवर पुरुष आणि पोरं मारली काही दिवसांत. पुस्तकातला तुर्क आणि दारासमोरचा माणूस एकच आहे असं दहा वर्षं रोज सांगत राहिलं की शेवटी लोकांना खरंच तुर्क दिसायला लागतो.

इथं नागपूर आठवतं की नाही? मार्च २०२५, १७०७ मध्ये मेलेल्या बादशहाच्या कबरीवरून दंगल, कर्फ्यू. कबर खुलताबादला, दगड नागपुरात, आणि आमच्या धुळ्या-जळगावच्या ग्रुपवर रात्रभर फॉरवर्ड. सकाळी क्लासला आलेली पोरं विचारतात सर खरं काय, आणि त्यांच्या नव्या पुस्तकात त्या काळावर जेवढं आहे त्याच्या शंभरपट त्यांच्या मोबाईलमध्ये आहे. पुस्तकात जागा रिकामी ठेवली की ती रिकामी राहत नाही ना, व्हॉट्सअॅप भरतं.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगतो कारण यादी लांबेल. तुर्कस्तानात १९३० च्या दशकात सरकारनेच सिद्धांत काढला की जगातली सगळी संस्कृती मध्य आशियातल्या तुर्कांपासून निघाली, सुमेरियन पण आपलेच, हित्ती पण आपलेच, आणि नुसतं बोलून थांबले नाहीत तर सरकारी बँकांना सुमेरबँक आणि एतीबँक (एती म्हणजे हित्ती) अशी नावं दिली. बांगलादेशात सरकार बदललं की १९७१ ला स्वातंत्र्याची घोषणा कोणी केली ते बदलतं, शेख मुजीब की झिया उर रहमान, हसीनाबाई गेल्या आणि २०२५ च्या पुस्तकात परत उलटं झालं. रशियाने कातिनच्या जंगलात पोलंडचे अधिकारी मारले १९४० मध्ये आणि जवळपास पन्नास वर्षं सांगितलं की जर्मनांनी मारले, १९९० ला कुठं कबूल केलं. त्याच रशियात २०२३ ला शाळेचं नवं पुस्तक आलं, लेखकांत एक पुतिनचा सल्लागार, आणि युक्रेनचं चालू युद्ध त्यात आधीच बरोबर ठरवून टाकलंय. लढाई संपायच्या आधी इतिहास लिहून तयार!

तर आता आमच्या खान्देशात या. तुमच्या पुस्तकात खान्देश असतो कुठं? अजिंठ्याच्या वाटेवरचं स्टेशन म्हणून. पण तुम्ही जी हिंदू विरुद्ध मुसलमान अशी सरळ रेघ ओढताय ना, ती आमच्याकडे आली की मोडते, म्हणून मला वाटतं आम्ही अडचणीचे आहोत.

रावेरपासून तासाभरात बुऱ्हाणपूर आहे, आज मध्य प्रदेशात, पण दोनशे वर्षं खान्देशच्या फारुकी सुलतानांची राजधानी. तिथल्या जामा मशिदीत एकदा आत जाऊन बघा. आत भिंतीवर अरबी लेख आहे आणि त्याच्यासोबत चक्क संस्कृत लेख, देवनागरीत, सुरुवात "श्रीसृष्टिकर्त्रे नमः" अशी, मग सुलतानाची वंशावळ आणि मग शके १५११, पौष शुद्ध दशमी, वार, नक्षत्र, जोशीबुवांनी पत्रिकेत मांडावं तसं. मशीद बांधणारा सुलतान आदिलशाह फारुकी, राजा अली खान म्हणायचे त्याला. आता याला कुठल्या रकान्यात टाकणार? आणि हो, हे फारुकी पण काही साधे नव्हते, खलिफा उमरचे वंशज म्हणवून घ्यायचे, खुर्चीला वजन यावं म्हणून घराण्याचा इतिहास फुगवायची ही जुनी खोड, त्यात हिंदू-मुसलमान काही नाही.

पुढं १६०१ ला अकबराने बुऱ्हाणपूरजवळचा असीरगड घेतला आणि फारुकी संपले. मुसलमान बादशहाने मुसलमान सुलतान बुडवला, खान्देशचं नाव शहजादा दानियालवरून दानदेश केलं (टिकलं नाही ते, आम्ही खान्देशीच राहिलो) आणि त्याच जामा मशिदीत आपलाही फारसी लेख कोरून घेतला. गड पडला कसा? अबुल फजल, म्हणजे बादशहाच्या पगारावरचा माणूस, सांगतो किल्ल्यात रोगराई पसरली. जेझुइट पाद्री सांगतात की अकबराने बहादूरशहा फारुकीला शब्द देऊन खाली बोलावलं, मग सोडलंच नाही, आणि आतल्या सरदारांना पैसे चारून दरवाजे उघडून घेतले. इतिहासकार यावर अजून भांडतात. मला क्लासमध्ये सगळ्यात जास्त मजा या तासाला येते, दोन्ही बाजू फळ्यावर लिहायच्या आणि पोरांना विचारायचं की कोणाचं खरं धरू आणि का. मागच्या बाकावरची पोरं पण बोलायला लागतात. तुम्ही मोगलच काढून टाकले की अकबराचा हा दगाफटका पण गेला ना! आणि १६३० च्या आसपासचा दुष्काळ पण गेला, ज्यात खान्देश-गुजरातेत माणसं किड्या-मुंग्यांसारखी मेली आणि शाहजहान बुऱ्हाणपुरात मुक्काम टाकून दख्खनची मोहीम चालवत होता, मुमताज तिथंच १६३१ ला वारली. मोगलांवर ज्यांचा राग आहे त्यांनी तरी हे ठेवायला पाहिजे होतं.

आता अवघड जागेला हात घालतो. त्या काळात खान्देश मोगलांचा सुभा, श्रीमंत, कापूस-कापडाचा. त्यामुळे महाराजांच्या फौजा इथं स्वाऱ्या करायच्या, चौथाई वसूल व्हायची. १६७४ च्या सुमारास धरणगावला इंग्रजांनी वखार टाकली, पुढच्या काही वर्षांत मराठी फौजेने धरणगाव लुटलं. १६८१ ला संभाजी महाराजांची पहिली मोठी मोहीम बुऱ्हाणपूरवर. धरणगावचं एक पोरगं मला भर क्लासमध्ये विचारतं, "सर, मंग आपन कोना बाजूले व्हतूत?" काय उत्तर देऊ? मी सांगतो की बाबा, शत्रूची तिजोरी जिथं असते तिथंच राजा हात घालतो, सुरतेला घातला तसा इथं घातला, आणि इथल्या पेठेतल्या माणसाला त्याचा त्रास पण झाला, दोन्ही खरं आहे. महाराजांची उंची याने एक इंच कमी होत नाही. पोराला पटलं. तुम्हाला का भीती वाटते मग? २०१७ ला राज्याच्या सातवीच्या पुस्तकात मोगल काही ओळींत आटोपले आणि मराठ्यांचा इतिहास वाढवला, आनंद आहे, आमचाच इतिहास आहे तो. पण समोरचा शत्रू केवढा होता हेच कळलं नाही तर महाराजांनी केलं ते केवढं होतं हे पोराला कसं कळणार हो? आणि परत गंमत बघा, २०२५ ला दिल्लीच्या आठवीच्या पुस्तकात मराठा साम्राज्याच्या नकाशात जैसलमेर दाखवलं तर तिकडचं राजघराणं खवळलं, आमच्यावर मराठ्यांचं राज्य कधी होतं म्हणे, आणि तपासायला कमिटी नेमावी लागली. गौरव वाटायला बसलं की एकाचा गौरव दुसऱ्याच्या अपमानावर येऊन आदळतोच.

आणि थाळनेर. शिरपूर तालुक्यात तापीच्या काठावर. फारुकींची जुनी राजधानी, त्यांच्या कबरी आहेत तिथं. २७ फेब्रुवारी १८१८ ला इंग्रजांचा जनरल हिस्लॉप फौज घेऊन आला. महिदपूरची लढाई होळकर हरलेले, मंदसौरच्या तहात खान्देश इंग्रजांना लिहून दिलेला, तरी किल्लेदार तुळशीराम मामा किल्ला सोडेना. आत शिबंदीत अरब शिपाई. म्हणजे होळकरांचा हिंदू किल्लेदार, हाताखाली अरब, फारुकींनी राखलेला किल्ला आणि समोर इंग्रज. दरवाज्यात बोलणं चालू असताना गोंधळ झाला, आत शिरलेले इंग्रज अधिकारी कापले गेले, मग इंग्रजांनी आतली सगळी शिबंदी, तीनशेच्या आसपास माणसं, मारून टाकली आणि किल्लेदाराला फाशी दिली. हे इतकं वाईट झालं होतं की पुढच्या वर्षी लंडनच्या पार्लमेंटमध्ये हिस्लॉपच्या आभाराचा ठराव आला तेव्हा त्याच्यावर प्रश्न विचारले गेले. लंडनला विचारले, आपल्याकडे कुठल्या इयत्तेत आहे? नाही. कारण याच्यातून ना तुमचा मोर्चा निघतो ना त्यांचा.

अंबापाणीचं पण तेच. ११ एप्रिल १८५८, सातपुड्यात खाज्या नाईक आणि भीमा नाईकच्या भिल्लांची इंग्रजांशी लढाई, पकडलेल्यांना जागेवर कोर्टमार्शल करून गोळ्या घातल्या. माझ्या क्लासमधल्या पावरा आणि भिल्ल पोरांना मंगल पांडे पाठ आहे, बराकपूर नकाशात दाखवतात, आणि अंबापाणी त्यांना मी सांगतो तेव्हा कळतं. नंदुरबारचा शिरीषकुमार निदान माहीत असतो, ९ सप्टेंबर १९४२, पंधरा वर्षांचा पोरगा हातात झेंडा घेऊन, सोबत लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम, आणि मिरवणुकीतली घोषणा गुजरातीत, "नहीं नमशे, नहीं नमशे". मराठी मुलखात गुजराती घोषणा देत देशासाठी गोळ्या झेलल्या आणि कोणाला त्यात काही खटकलं नाही. हा राष्ट्रवाद आम्ही बघितलेला आहे साहेब, त्याला शेजाऱ्याचा द्वेष लागला नव्हता.

एरंडोलच्या पांडववाड्यावर (मशीद की पांडवांचा वाडा, हा वाद) मी काही लिहीत नाही, प्रकरण कोर्टात गेलेलं आहे. फक्त एवढंच बघतोय की त्यावर छाती ठोकून बोलणाऱ्या दोन्हीकडच्या लोकांपैकी जुना दस्त कोणी वाचलेला नसतो.

दस्तावरून आठवलं. आमच्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६ ला गेले, दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं, अजून आहे. राजवाडे काही कोणी सेक्युलर बिक्युलर नव्हते, पक्के राष्ट्राभिमानी आणि तापट माणूस, त्यांची कितीतरी मतं आज वाचवत नाहीत. पण हा माणूस पायी गावोगाव फिरला, लोकांच्या माळ्यावरची, रद्दीत निघालेली दप्तरं गोळा केली आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड छापले, पहिला १८९८ चा, पानिपतची पत्रं असलेला. सुरुवातच पानिपतापासून! म्हणजे आपल्या सगळ्यात मोठ्या पराभवाचे कागद त्याने आधी लोकांसमोर ठेवले. पॉझिटिव्ह नागरिक घडायचे तेव्हा घडतील, कागद दडवायचा नाही एवढं त्याला कळत होतं. तुमच्यापैकी जे स्वतःला राष्ट्रवादी म्हणवतात त्यांनी धुळ्याला यावं, मंडळात बसून दोन-चार मोडी कागद वाचावेत, जेवायची सोय माझ्याकडे.

मागणी काय ते सांगतो. पुस्तकातून जी ओळ काढाल ती कोणी सुचवली, का सुचवली आणि सही कोणाची, हे त्याच वेबसाइटवर टाका आणि जुनं पुस्तक पण तिथंच राहू द्या, झेरॉक्सवाल्याचा धंदा बसला तर मी त्याची समजूत काढतो. प्रत्येक जिल्ह्याला चार पानं द्या आणि ती त्या जिल्ह्यातल्या मास्तरांकडून लिहून घ्या, मंत्रालयातून नको. आणि निदान एका धड्यात असीरगडसारखी दोन विरुद्ध साधनं समोरासमोर छापा, खाली उत्तर देऊ नका. फुकटात होणारी कामं आहेत ही.

आणि शेवटचं, जूनमध्ये माझी पुढची बॅच बसतेय. "१६०१ मध्ये असीरगड कोणी जिंकला" याच्या चार पर्यायांत आता अकबर ठेवायचा की नाही एवढं त्याच्या आधी लेखी कळवा, म्हणजे नोट्स छापायला टाकतो.

आपला,
धुळ्यातला एक इतिहासाचा मास्तर